चढती आच, उतरती आच

आपल्याकडील कडधान्यांत चवळीइतके मवाळ स्वभावाचे धान्य क्वचितच सापडेल. हरभऱ्याप्रमाणे तिला रात्रभर भिजण्याचा हट्ट नाही, वालाप्रमाणे दाणान् दाणा सोलण्याची कटकट नाही. साल पातळ, दाणा मऊ. सकाळी भिजत घातली तर दुपारच्या जेवणाला उसळ तयार. मग ‘चवळी कशी शिजवावी’ यावर लेख लिहावा, आणि तोही कला शाखेच्या वार्षिकांकात, असे त्यात काय आहे, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु ‘स्लो कुकर’ नावाचे विजेवर चालणारे भांडे आता आपल्या ओळखीच्या घरांत, आणि त्याहून अधिक परदेशी शिकावयास गेलेल्या मुलामुलींच्या खोल्यांत दिसते. त्यात चवळी उत्तम शिजते. चवळी शिजली म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच भांड्यात, त्याच रीतीने राजमा टाकला जातो. आणि तेथे मात्र प्रश्न नुसता चवीचा राहत नाही.

या भांड्याची जन्मकथा मोठी मनोरंजक आहे, आणि ती शिंबी धान्यांशीच जोडलेली आहे. अमेरिकेतील आयर्व्हिंग नॅक्सन या संशोधकाने १९३६ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला व १९४० साली त्यास ते मिळाले. कल्पना सुचली ती आईच्या आठवणींतून. त्याचे आजोळ लिथुएनियातील व्हिल्ना या गावचे, कुटुंब यहुदी. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत यहुद्यांना चूल पेटवता येत नाही. म्हणून शुक्रवारी संध्याकाळ होण्यापूर्वी घेवड्याचे दाणे, सातू, बटाटे, मांस असे सारे एका मडक्यात घालून ते मडके गल्लीतील पाववाल्याच्या भट्टीत ठेवीत. भट्टीत नवे सरपण पडत नसे. तापलेली भट्टी रात्रभर हळूहळू निवत जाई आणि तिच्या उरलेल्या धगीवर ते कालवण शिजे. याला ‘चोलंट’ म्हणतात. नॅक्सनने भट्टीच्या जागी विजेची तार आणली. त्याच्या भांड्याचे नावच ‘नॅक्सन बीनरी’ होते, म्हणजे खास दाणे शिजवण्याचे पात्र. १९७० साली रायव्हल या कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ साली तेच भांडे ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणले. त्या दशकात अमेरिकेतील स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरीस बाहेर पडत होत्या. सकाळी भांडे भरून बटण दाबावे आणि सायंकाळी घरी येऊन जेवावे, ही सोय त्यांना हवीच होती.

चवळीचे तिकडे मोठे कौतुक. हे धान्य मूळचे आफ्रिकेचे. भारतात ते तीन हजार वर्षांहून अधिक काळ आहे. इतके की आपण त्याला परके मानीत नाही, आणि गोव्यात तर ‘अळसांदे’ हे त्याचे घरचे नाव झाले आहे. अमेरिकेत मात्र ते गुलामांच्या जहाजांबरोबर पश्चिम आफ्रिकेतून गेले. दक्षिणेकडील राज्यांत नववर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी आणि भात एकत्र करून, खारवलेल्या डुकराच्या मांसाची चव देऊन ‘हॉपिन जॉन’ नावाचा पदार्थ करतात. तो खाल्ला म्हणजे वर्ष भाग्याचे जाते असा समज आहे. साखळदंडांत आलेल्या माणसांचे अन्न धन्याच्या पंगतीत शकुनाचे अन्न होऊन बसले. आज त्या भागातील असंख्य घरांत ही चवळी स्लो कुकरमध्येच शिजते.

आता मूळ मुद्द्याकडे. दाणा शिजतो म्हणजे नेमके काय होते? दोन गोष्टी होतात. दाण्यातील पिष्ट पाणी पिऊन फुगते. याला ७० ते ८० अंश सेल्सिअसची उष्णता पुरते. दुसरी गोष्ट अधिक अवघड. दाण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या द्रव्याने चिकटलेल्या असतात, भिंतीतील विटा चुन्याने जोडाव्यात तशा. हा चुना विरघळला की दाणा बोटाने दाबता क्षणी पिठूळ होतो. न विरघळला तर आत पिष्ट शिजूनही दाणा दाताला लागतो. पेक्टिन विरघळण्याचा वेग उष्णतेबरोबर झपाट्याने वाढतो. साध्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, प्रेशर कुकरमध्ये ते १२० अंशांच्या आसपास पोचते; म्हणून तासाचे काम दहा-पंधरा मिनिटांत होते. उलट उकळीच्या किंचित खाली दाणा ठेवला तर काम होतेच, पण सवडीने. स्लो कुकरचे सारे शास्त्र एवढेच आहे. त्यावर ‘मंद’ आणि ‘जलद’ अशी दोन बटणे असतात. दोहोंमध्ये अखेरची उष्णता वेगवेगळी असते असा बहुतेकांचा समज असतो. पुष्कळशा बनावटींत तसे नसते. दोन्ही बटणांनी पदार्थ शेवटी उकळीच्या जवळच पोचतो, फक्त एकात तीन-चार तासांनी आणि दुसऱ्यात सात-आठ तासांनी. काही बनावटी मात्र तेथवर पोचतच नाहीत, हेही लक्षात ठेवावयास हवे.

या चुन्याला घट्ट करणाऱ्या गोष्टी आपल्या आज्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होत्या. पहिली, आंबट. चिंच, आमसूल, टोमॅटो आधी घातले की दाणा आडमुठेपणा करतो, कारण आम्लात पेक्टिन विरघळत नाही. ‘आंबट शेवटी’ हा नियम उसळीत म्हणूनच आहे. दुसरी, जड पाणी. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही ही आपल्या काळ्या दगडाच्या मुलखातील जुनी तक्रार. त्या पाण्यातील कॅल्शियम पेक्टिनला आवळून धरते. यावर सोड्याची चिमूट टाकण्याचा उपाय सर्वत्र चालतो. सोड्याने दाणा गळतो खरा, पण त्याबरोबर ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट होते आणि जास्त पडला तर साबणासारखी चव येते. त्यापेक्षा भिजवतानाच पाण्यात थोडे मीठ घालावे. मिठाने दाणा कडक होतो हा समज फार पसरलेला आहे आणि तो खरा नाही; मिठातील सोडियम कॅल्शियमची जागा घेते व साल नरम पडते.

तिसरी गोष्ट म्हणजे धान्याचे वय. उसळीत एखादा दाणा खड्यासारखा दाताखाली येतो, त्यास आपण कुचर किंवा गणंग म्हणतो. (हाच दुसरा शब्द वर्गातील शेवटच्या बाकावरील मंडळींना लावण्याची काही प्राध्यापकांची पद्धत आहे; तो स्वतंत्र लेखाचा विषय होईल.) हे कुचर दाणे दोन जातींचे असतात. एकाची साल पाणीच आत घेत नाही. तो भिजवल्यावर न फुगता तसाच राहतो, म्हणून भिजवलेले धान्य शिजवण्यापूर्वी एकदा परातीत पसरून पाहावे. दुसरा फुगतो, पण शिजत नाही. उष्ण व दमट हवेत वर्ष-दोन वर्षे साठवलेल्या धान्यात हा दोष येतो. दाण्यात बांधून असलेले कॅल्शियम हळूहळू सुटे होते आणि पेक्टिनला जाऊन मिळते. असे धान्य स्लो कुकरमध्ये दिवसभर ठेवले तरी पालटत नाही. कोकणात पावसाळा काढलेली जुनी चवळी असेल तर सरळ प्रेशर कुकर काढावा.

आता राजमा. मंद आचेवर शिजवण्याच्या मुळात दोन रीती आहेत, आणि त्यांतील भेद फारसा कोणी सांगत नाही. एक उतरत्या आचेची, दुसरी चढत्या आचेची. आपल्या चुलीला शेजारी वैल असे. मुख्य चुलीवर आमटीला खळखळून उकळी आली की पातेले वैलावर सरकवीत, आणि तेथे ते निवांत शिजत राही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये इंधन वाचवण्यासाठी गवताची पेटी वापरीत. उकळते भांडे गवताने गच्च भरलेल्या पेटीत पुरून ठेवायचे, की स्वतःच्याच उष्णतेवर तासन्‌तास शिजते. व्हिल्नाच्या त्या भट्टीची आचही उतरतीच. या सर्व रीतींत सुरुवात प्रखर, मागाहून मंद. कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिकांनी १९१० साली काढलेला इकमिक कुकर कोळशाच्या शेगडीवर चाले. तोही शिजवी सावकाश, पण वाफेवर. नॅक्सनच्या विजेच्या भांड्यात मात्र क्रम उलटला. तेथे सारे काही थंड असते, आणि ऊब तासातासाने चढत जाते. आईच्या आठवणीतून निघालेले यंत्र आईच्या रीतीच्या नेमके उलटे चालते!

चवळीला या उलटण्याने फरक पडत नाही. राजम्याला पडतो. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते. ते आतड्याच्या आतील अस्तराला चिकटते, आणि खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या व जुलाब सुरू होतात. चार-पाच कच्चे दाणेही त्यास पुरतात. ब्रिटनमध्ये १९७६ ते १९७९ या काळात अशा विषबाधेच्या सात घटना नोंदल्या गेल्या. माणूस बहुधा काही तासांत बरा होतो, पण ते तास कोणाच्या वाट्याला येऊ नयेत असेच असतात. हे प्रथिन पूर्ण उकळीने नष्ट होते. अर्धवट उष्णतेने ते नष्ट होत नाही. इतकेच नव्हे, तर ८० अंशांच्या आसपास तापवलेले दाणे कच्च्या दाण्यांहून पाचपटीपर्यंत अधिक विषारी ठरू शकतात असे आढळले आहे. आणि स्लो कुकरमधील पदार्थ पुष्कळदा ७५ अंशांच्या वर गेलेलाच नसतो, असेही तपासण्यांत दिसले आहे. म्हणजे ज्या उष्णतेला पिष्ट फुगून दाणा शिजल्यासारखा दिसू लागतो, नेमक्या त्याच उष्णतेला तो सर्वांत घातक असतो. डोळ्यांवर विश्वासून चालत नाही ते येथे.

उपाय सोपा आहे: आच उतरती करायची. राजमा किमान ५ तास भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे, ताज्या पाण्यात साध्या पातेल्यात खळखळून उकळावा आणि मगच स्लो कुकरमध्ये घालावा. उकळण्यासाठी १० मिनिटे पुरतात असे प्रयोग सांगतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला ३० मिनिटांचा आहे. मी तरी तीसच मिनिटे मानतो. आपल्याकडे राजमा प्रेशर कुकरमध्येच शिजतो, म्हणून ही बाधा फारशी ऐकू येत नाही. शिट्टीने आपल्याला नकळत राखले आहे. पण ती शिट्टी मागे ठेवून जो परदेशी जातो आणि तेथे पहिल्या पगारात स्लो कुकर घेतो, त्याला हे कोणी सांगितलेले नसते.

चवळीत हे प्रथिन फारच कमी, म्हणून तिच्या बाबतीत भीतीचे कारण नाही. तरी तिलाही दहा मिनिटे उकळी द्यावी, असे माझे मत आहे. गॅस थोडाच जळतो आणि भांडे गरमच सुरू झाल्याने तासभर वाचतो. पाव किलो चवळी चार तास भिजवून, उकळून, दाण्यांवर दोन बोटे पाणी राहील इतक्याच पाण्यात ठेवावी. झाकण घट्ट असल्याने वाफ बाहेर जात नाही, म्हणून नेहमीपेक्षा पाणी कमी लागते. ‘जलद’ बटणावर दोन ते तीन तास. मधूनमधून झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा; प्रत्येक वेळी साठलेली वाफ निघून जाते आणि शिजण्याची वेळ अर्ध्या तासापर्यंत लांबते. बटाटा किंवा गाजर बरोबर घालावयाचे असेल तर तेही उकळीच्या वेळीच घालावे. सावकाश चढणाऱ्या आचेत ते ५५-६० अंशांजवळ फार वेळ रेंगाळतात आणि तेथे त्यांची भिंत अधिकच पक्की होते. दाणे मऊ आणि बटाटा करकरीत, असा अनुभव अनेकांना येतो तो यामुळे.

विजेचा हिशेबही मांडून पाहावा. दीडशे वॅटचे भांडे सहा तास चालले तर जवळजवळ एक युनिट जळते. पंधराशे वॅटच्या शेगडीवर प्रेशर कुकर पंधरा मिनिटे ठेवला तर अर्ध्या युनिटाहूनही कमी. तेव्हा स्लो कुकर काटकसरीचा आहे असे जाहिरातीवरून मानू नये. तो पैसे वाचवीत नाही, उभे राहणे वाचवतो. ज्याला दिवसभर बाहेर राहावयाचे आहे त्यालाच त्याचा उपयोग. आणि जेथे वीज न सांगता जाते तेथे तो घर सोडून लावूच नये. ६० अंशांच्या खाली कोमट राहिलेल्या कडधान्यात जंतू झपाट्याने वाढतात. आपण परत येतो तेव्हा वीज आलेली असते, भांडे पुन्हा गरम असते, आणि मधले चार तास काय झाले ते कोणालाच कळत नाही. घड्याळाचे आकडे लुकलुकत असतील तर ती चवळी निमूटपणे टाकून द्यावी.

राहता राहिली चव. स्लो कुकरमध्ये दाणा एकसारखा शिजतो, फुटत नाही, साल सुटत नाही. अख्ख्या दाण्याची उसळ हवी असेल तर प्रेशर कुकरपेक्षा हे भांडे निःसंशय सरस. पण त्यात मोहरी तडतडत नाही आणि कांदा तांबूस होत नाही, कारण त्यासाठी उकळीच्या पुष्कळ वरची उष्णता लागते. तेव्हा कांदा-खोबरे वेगळे भाजून वाटावे, फोडणी लोखंडी पळीत करावी, आणि दाणा बोटाने दबतो याची खात्री झाल्यावरच हे सारे त्यात ओतावे. चिंचेचा कोळ आणि गूळ त्याच्याही नंतर. मग झाकण ठेवून आणखी पंधरा मिनिटे.