हात आणि नांव

संस्कृतांत 'नी' या धातूचा अर्थ 'नेणें' असा आहे. त्यापासून 'नेता' हा शब्द निघतो आणि त्याच धातूपासून 'नेत्र' हाही शब्द निघतो. जो पुढें नेतो तो नेता. ज्याच्या योगानें आपण पुढें जातों तो डोळा. 'नेता' या शब्दाचें 'नेत्री' हें स्त्रीलिंगी रूप व्याकरणानें केव्हांच सिद्ध करून ठेविलें आहे; तें वापरण्याचा संकोच केला तो आपण. स्त्रियांच्या नेतृत्वाची चर्चा निघाली कीं आम्हांस हे दोन शब्द एकत्र आठवतात. पुढें चालणारी व्यक्ति डोळ्यांस दिसलीच नाहीं, तर तिच्या मागून कोणी जावें कसें?

परभणी जिल्ह्यांतील आमचें गंगाखेड गोदावरीच्या कांठीं वसलेलें आहे. संत जनाबाईचें हें जन्मस्थान. परंपरा सांगते कीं, ती बालपणींच पंढरपुरास नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरीं आली आणि तेथेंच कामास राहिली. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणें, शेण वेंचणें हीं तिचीं कामें. यांतील एकही काम असें नाहीं कीं ज्याचा चारचौघांत कोणी गौरवानें उल्लेख करावा. परंतु जनाबाईच्या अभंगांत हीं सारीं कामें आहेत आणि अभंगाच्या शेवटीं तिचें नांव आहे. ती स्वतःस 'दासी जनी' म्हणविते. आपली चाकरी तिनें लपविली नाहीं आणि आपलें कर्तृत्व धन्याच्या नांवावर जमा होऊं दिलें नाहीं. तिच्या नांवानें चालत आलेल्या एका अभंगांत तर कोणत्या संताचे बोल कोणी लिहून घेतले याची यादीच आहे: चोखोबांचे अनंतभट्टानें, सांवतोबांचे काशिबा गुरवानें. अमुक काम अमक्याच्या हातचें, ही नोंद राहिली पाहिजे, याची जाणीव सुमारें सातशें वर्षांपूर्वीच्या त्या परंपरेस होती.

यावरून आम्हांस एक साधी कसोटी सुचते. जेथें हात राबतो तेथें नांव असावें आणि जेथें नांव आहे तेथें हात चालावा. आजच्या व्यवहारांत या कसोटीचा भंग दोन्ही बाजूंनीं होत आहे.

पहिला भंग पाहण्यास दूर जावयास नको. दसरा-दिवाळी उलटली कीं मराठवाड्यांतून हजारों कुटुंबें ऊसतोडीस बाहेर पडतात. या धंद्यांत 'एक कोयता' म्हणजे एक मनुष्य नव्हे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल मिळते ती जोडीच्या हिशेबानें, पण व्यवहार होतो तो बहुधा पुरुषाशीं. तो ऊस तोडतो. ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहते, आणि पहाटे उठून भाकरीही तीच थापते. एक अधिक एक दोन होतात, हें आम्ही वर्षानुवर्षें मुलांस शिकविलें. या हिशेबांत मात्र एक अधिक एक मिळून एकच होतो, आणि नाहींसा होणारा आंकडा बाईचा असतो. जिची वेगळी मोजदादच नाहीं, तिला मुकादम कोण करणार?

दुसरा भंग याच्या उलट आहे. राज्यघटनेची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजीं अमलांत आली आणि पंचायतींतील किमान एक तृतीयांश जागा व पदें स्त्रियांकरितां राखणें बंधनकारक झालें. महाराष्ट्रानें २०११ सालीं हें प्रमाण निम्म्यावर नेलें. कायद्यानें स्त्रीचें नांव फलकावर आणिलें. पण त्यासरशी खेडोपाडीं 'सरपंचपति' हा नवा शब्दही रूढ झाला. सही तिची, शिक्का तिच्या पदाचा. सभेंत बोलणारे आणि ग्रामसेवकास आज्ञा करणारे तिचे यजमान! हा समास व्याकरणास मान्य होईल, लोकशाहीस होणार नाहीं. पतीनें पत्नीस साहाय्य करूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु साहाय्य म्हणजे घरीं बसून कागद समजावून देणें; तिच्या खुर्चींत जाऊन बसणें नव्हे.

हें सारें खेड्यांतलें आहे, असें आमचे सुशिक्षित वाचक मनांत म्हणतील. त्यांनीं डॉ. कमला सोहोनी यांचें चरित्र आठवावें. त्या माहेरच्या भागवत, विदुषी दुर्गाबाईंच्या भगिनी. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्‌सी. परीक्षेंत पहिल्या आल्या असतांही बंगळूरच्या विज्ञानसंस्थेनें त्यांस प्रवेश नाकारला, तो केवळ त्या स्त्री आहेत म्हणून. आणि नाकारणारे होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर व्यंकट रामन. कमलाबाई हटल्या नाहींत. तेव्हां एक वर्ष काम पाहूं, अशा अपमानास्पद अटीवर त्यांस घेण्यांत आलें. त्यांचें काम पाहून रामन यांचें मत पालटलें आणि त्या संस्थेचें दार पुढें इतर मुलींसही उघडलें. १९३९ सालीं केंब्रिजची पीएच्‌. डी. मिळवून त्या परतल्या. नीरेच्या पोषणमूल्यावरील त्यांचें संशोधन प्रसिद्ध आहे. इतकें असूनही मुंबईच्या विज्ञानसंस्थेचें संचालकपद त्यांस मिळालें तें हक्काचा काळ उलटून गेल्यावर, विलंबानें. विद्वानांच्या मंदिरांतही हात आधीं आणि नांव मागून, हाच क्रम चालला.

मग आपण काय करावें? कचेरींत वा शाळेंत सभा भरली कीं टिपण लिहिण्याचें आणि चहाची व्यवस्था पाहण्याचें काम आपोआप बाईंकडे जातें. तेंच टिपण वाचून दाखविण्याचा मान मात्र साहेबांकडे. हें प्रथम बदलावें. ज्याचें टिपण त्यानें वाचावें; ज्याची कल्पना त्याचें नांव इतिवृत्तांत यावें. यास पैसा लागत नाहीं. दुसरें काम घरांतलें आहे. मुलगा कामावरून उशिरां आला तर आपण म्हणतों, "दमला असेल." सून उशिरां आली तर विचारतों, "आज एवढा उशीर?" ती मुख्याध्यापिका असो कीं अधिकारी, या एका प्रश्नानें ती उंबऱ्याबाहेरच पदावरून खालीं उतरते. उद्यां बढती चालून आली, तर ती "नको" म्हणेल. आणि मग आपणच म्हणूं कीं, स्त्रियांस नेतृत्वाची हौस नसते!

जनाबाईनें आपलें नांव स्वतः लाविलें. पण प्रत्येक स्त्रीनें जनाबाई व्हावें आणि तोंवर आपण स्वस्थ बसावें, असा याचा अर्थ नव्हे. काम त्यांनीं केलें आहेच; ज्याचें काम त्याचें नांव चारचौघांत घेणें, एवढें आपल्याकडे उरलें आहे.