उक्ते काम आणि जादा तास : अमेरिकेतील मोटार-मिस्त्रींच्या वेतनाचा प्रश्न

उक्ते काम हा शब्द व्यापारी मनुष्यास नवा नाही. पोत्यामागे हमाली, नगामागे शिलाई असा दर एकदा ठरला, म्हणजे काम किती वेळात झाले याची उठाठेव मालकास करावी लागत नाही, आणि चपळ कारागिरासही चार पैसे अधिक मिळतात. अमेरिकेतील मोटार-दुरुस्तीचा धंदा फार मोठ्या प्रमाणावर याच पद्धतीने चालतो. तेथे त्यावरून जे कज्जे झाले, त्यांतील एक तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आमच्या सभासदांपैकी कित्येकांचा मोटारीचे सुटे भाग, टायर व तेल यांचा व्यापार असून गॅरेजवाले हेच त्यांचे गिऱ्हाईक होत. तेव्हा हा विषय त्यांस अगदीच परका वाटू नये.

तेथील गॅरेजात प्रत्येक दुरुस्तीस किती तास लागावेत याचे कोष्टक पुस्तकरूपाने तयार असते. काही पुस्तके स्वतंत्र प्रकाशकांची असतात, काही मोटार-कारखानदारांची. समजा, पाण्याचा पंप बदलण्यास पुस्तकात ३ तास लिहिले आहेत. मिस्त्रीने ते काम २ तासांत उरकले तरी मजुरी ३ तासांची, आणि गंजलेला बोल्ट तुटल्यामुळे तो ५ तास खपला तरीही मजुरी ३ तासांचीच. गिऱ्हाइकाच्या बिलातही बहुधा हेच पुस्तकी तास धरलेले असतात. हात बसलेला मिस्त्री दिवसाच्या ८ तासांत १० किंवा १२ पुस्तकी तास कमावतो, आणि अशा मिस्त्रींस ही पद्धत मनापासून आवडते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

परंतु गॅरेजात गाडीच आली नाही तर? सुटा भाग यावयाचा आहे म्हणून गाडी उचलयंत्रावर तशीच अडकून पडली तर? केलेले काम बिघडून गाडी परत आली, तर ते पुन्हा करण्याची मजुरी बहुधा मिळत नाही. कारखान्याच्या हमीत असलेल्या गाडीस कारखानदार पुस्तकाहून कमी तास मंजूर करतो, अशीही मिस्त्रींची जुनी तक्रार आहे. शिवाय हजारो डॉलरांची हत्यारे मिस्त्रीने स्वतःच्या पैशाने घ्यावयाची. सारांश, धंद्यातील मंदीचा धोका, जो एरवी मालकाच्या वाट्याचा, तो येथे हळूच मजुराच्या खात्यावर नावे पडतो. ऑगस्ट २०१७ मध्ये शिकागो परिसरातील शंभराहून अधिक मोटार-विक्री पेढ्यांतील मिस्त्रींनी जो दीर्घ संप केला, त्यात आठवड्यास किमान किती तासांच्या मजुरीची हमी असावी, हा वादाचा एक मुद्दा होता.

आता कायद्याकडे वळू. अमेरिकेचा १९३८ चा श्रममानक कायदा अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कारकीर्दीत झाला. आठवड्याची मर्यादा आरंभी ४४ तास होती, ती १९४० पासून ४० झाली. त्यापलीकडील प्रत्येक तासास दीडपट दर द्यावा असा नियम आहे, आणि उक्त्या कामासही तो लागू पडतो. येथे मोजावयाचे तास पुस्तकातले नसतात. मिस्त्री गॅरेजात जितके तास कामावर होता, तितके सर्व मोजावयाचे.

हिशेब कसा बसतो ते पाहू, कारण नेमकी चूक येथेच होते. पुस्तकी तासास २५ डॉलर दर आहे. मिस्त्री आठवड्यात ५० तास हजर होता व त्याने ४४ पुस्तकी तासांचे काम केले. कमाई झाली १,१०० डॉलर. ती ५० तासांनी भागली असता तासाचा नियमित दर २२ डॉलर येतो. पन्नासही तासांचा एकपट मोबदला या १,१०० मध्ये आलाच आहे, म्हणून वरच्या १० तासांचा अर्धपट, म्हणजे ११ डॉलरप्रमाणे ११० डॉलर तेवढे वाढवावयाचे. एकूण १,२१०. पुस्तकी तास ४० च्या वर केवळ ४ गेले म्हणून चारच तासांचा जादा मोबदला देणारा मालक चुकतो, आणि २५ ची दीडपट करून दहाने गुणणारा मिस्त्रीही चुकतो.

एवढ्यावर प्रश्न मिटला असता. पण कायद्यात सवलतीची दोन दारे आहेत. पहिले दार मोटार विकणाऱ्या पेढ्यांसाठी आहे. १९६६ च्या दुरुस्तीनुसार अशा पेढीवरील विक्रेता, सुट्या भागांचा कारकून आणि मिस्त्री यांस केंद्रीय कायद्याखाली जादा तासांचा मोबदला देण्याचे बंधन नाही. किमान वेतन मात्र चुकत नाही. गाडी दुरुस्तीस घेऊन गिऱ्हाइकाशी बोलणारा जो सल्लागार असतो, तो या तिघांत बसतो की नाही, यावर एन्सिनो मोटरकार्स या पेढीचा खटला २०१६ व २०१८ असा दोनदा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. अखेर पाच विरुद्ध चार मतांनी तोही सवलतीत बसतो असे ठरले. एका ‘किंवा’ या शब्दाच्या अर्थावर एवढा मोठा खल झाला, हे वाचून दस्तऐवज लिहिणारांनी सावध व्हावे!

दुसरे दार किरकोळ विक्री व सेवेच्या दुकानांसाठी आहे, आणि गाड्या न विकणारी स्वतंत्र गॅरेजे याचाच आधार घेतात. त्यास मुख्य अटी दोन. कमाईचा अर्ध्याहून अधिक भाग दलालीचा असावा, आणि त्या आठवड्याचा नियमित दर किमान वेतनाच्या दीडपटीहून जास्त असावा. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलर आहे; त्याची दीडपट १०.८७५. आता मंदीचा आठवडा घ्या. मिस्त्री ५० तास हजर होता, पण काम आले २० पुस्तकी तासांचे. कमाई ५०० डॉलर, दर १० डॉलर. दुसरी अट मोडली. त्या आठवड्यापुरती सवलत गेली, आणि १० तासांचे अर्धपटीने ५० डॉलर देणे लागले. काम सर्वांत कमी असते त्याच आठवड्यात हे देणे अंगावर येते, ही गोष्ट बऱ्याच गॅरेजवाल्यांच्या ध्यानी येत नाही.

मग उक्ती मजुरी ही दलाली होय काय? येथे न्यायाधीशांतच मतभेद दिसतो. २००७ साली शिकागो येथील केंद्रीय अपील न्यायालयात न्यायमूर्ती रिचर्ड पॉस्नर यांनी होय असे उत्तर दिले. गिऱ्हाईक ज्या तासांचे पैसे देते त्याच तासांवर मिस्त्रीची कमाई बसते, म्हणून ती विक्रीशी निगडित आहे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने राज्याच्या नियमांचा अर्थ लावताना १९८७ मध्येच उलट निर्णय दिला होता : मिस्त्री काही विकत नाही, तो दुरुस्ती करतो, सबब त्याची कमाई दलाली नव्हे. पॉस्नर यांचा युक्तिवाद चतुर आहे खरा, पण आम्हांस दुसरा निर्णय अधिक सरळ वाटतो. दलाल गिऱ्हाईक शोधून आणतो आणि आपल्या प्रयत्नाने धंदा वाढवू शकतो. गाडीखाली पाठीवर पडलेल्या मनुष्यास रस्त्यावरून गिऱ्हाईक आणण्याची सोय नसते.

कॅलिफोर्निया येथेच थांबले नाही. लॉस एंजेलिसच्या एका मर्सिडीज पेढीवर मिस्त्रींस गाडी नसली तरी पाळी संपेपर्यंत थांबावे लागे, आणि त्या वेळात जागा झाडणे, सुटे भाग आणणे अशी कामे करावी लागत. पेढीचे म्हणणे असे की, एकूण कमाई एकूण तासांनी भागली तर किमान वेतनाहून कमी पडत नाही, आणि पडलीच तर आम्ही भर घालतो. २०१३ मध्ये न्यायालयाने हे सरासरीचे गणित अमान्य केले. दुरुस्तीची मजुरी दुरुस्तीच्या तासांची. थांबल्या तासांचे किमान वेतन निराळे द्यावे. पुढे १ जानेवारी २०१६ पासून राज्याच्या कायद्यातच उक्त्या मजुरांच्या विश्रांतीचा व रिकाम्या वेळाचा मोबदला स्वतंत्र देण्याचे कलम आले.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने ‘दुरुस्ती’ ही उत्पादनक्रियेत धरली होती, त्यामुळे यंत्रशक्ती वापरून दहा माणसे राबणारे गॅरेज कारखाना ठरत असे. दिवसास ९ किंवा आठवड्यास ४८ तासांवरील कामास दुप्पट दर होता, आणि उक्त्या कामगाराचा दर मागील महिन्यातील पूर्णवेळ कमाईच्या दैनिक सरासरीवरून काढीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या; दुप्पट दराचे तत्त्व त्यांतही कायम आहे. दलालीचे दार मात्र आपल्या कारखाना कायद्याने मिस्त्रीसाठी कधी उघडले नव्हते.

राहिली गोष्ट वहीची. उक्ते काम देणाऱ्या अमेरिकन गॅरेजात पुस्तकी तासांची नोंद चोख असते, कारण बिल त्यावरच होते. हजेरीच्या तासांची नोंद मात्र पुष्कळ ठिकाणी ढिली असते. दलालीच्या सवलतीतील नोकराचेही रोजचे तास लिहून ठेवणे तेथे मालकावर बंधनकारक आहे. दावा दोन वर्षांपर्यंतच्या थकबाकीचा, आणि बुद्ध्या चुकविले असल्यास तीन वर्षांपर्यंतचा करता येतो. शिवाय थकबाकीइतकीच रक्कम भरपाई म्हणून वर द्यावी लागू शकते. १९४६ साली मिशिगनमधील मातीच्या भांड्यांच्या एका कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, मालकाने वही ठेवली नसेल, तर कामगाराने वाजवी अंदाजाने सांगितलेले तास ग्राह्य धरावेत, आणि ते खोडून काढण्याचा भार मालकावर राहील. आजही अशा खटल्यांत याच निवाड्याचा आधार घेतात.