विश्लेषण : अणू चाचपणारी सुई कशी घडते?

अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयातील भौतिकशास्त्र विभागात झिंक ऑक्साइडसारख्या पदार्थांच्या थरांपासून वायू ओळखणारे सेन्सर बनवण्यावर बरीच वर्षे संशोधन झाले आहे. थरातले कण किती बारीक आहेत, यावर सेन्सरची धार बरीचशी अवलंबून असते. हे कण पाहण्याचे एक साधन म्हणजे ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप, अर्थात एएफएम. पण त्याचे चित्र त्याच्या सुईइतकेच खरे असते.

एएफएम पाहतो कसा?

बोटांनी ब्रेल वाचावी, तशी लवचीक पट्टीच्या टोकावरची सुई पृष्ठभाग चाचपत जाते. गेर्ड बिनिग, केल्विन क्वेट आणि क्रिस्टोफ गेर्बर यांनी 1986 मध्ये हे तंत्र मांडले. आज बहुतेक यंत्रांत पट्टीवर लेझर टाकून तिचे वाकणे मोजतात.

‘पीझो’ कशासाठी?

स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरचे बटण दाबले की ठिणगी पडते. आतल्या स्फटिकावर ठोका बसून वीज तयार होते. जॅक आणि पिएर क्युरी या भावांनी 1880 मध्ये हा गुणधर्म दाखवला. उलट, अशा पदार्थाला वीज दिली की तो किंचित हलतो. पट्टीवर त्याचा पातळ थर चढवला, तर ती स्वतःच थरथरते आणि आपले वाकणेही सांगते. लेझर जुळवत बसावे लागत नाही.

अडचण कुठे येते?

पट्टी मऊ हवी, म्हणजे नाजूक नमुना ओरखडला जात नाही. आणि वेगाने कंप पावणारी हवी, म्हणजे बाहेरचे हादरे कमी बाधतात. लांबी निम्मी केली की कंपनसंख्या चौपट होते, पण कडकपणा आठपट वाढतो. जाडीही निम्मी केली, तर कडकपणा पूर्वीइतकाच राहून कंपनसंख्या दुप्पट होते. म्हणून पट्टी लहान आणि पातळ करतात. मात्र पीझोचा थर चढला की जाडी पुन्हा वाढते.

पदार्थाची निवडही सोपी नाही. पीझेडटी जास्त हालचाल देते, पण त्यात शिसे असल्याने चिप बनवणाऱ्या कक्षात ते नको असते. ॲल्युमिनियम नायट्राइड तिथे सहज चालते, पण हालचाल कमी देते.

घड्याळाचा उपयोग काय?

फ्रान्झ गीसिबल यांनी उलटी वाट धरली. क्वार्ट्झ घड्याळात सेकंदाला 32,768 वेळा कंप पावणारा चिमटा असतो. त्याचा एक पाय घट्ट बसवून दुसऱ्यावर त्यांनी सुई लावली. मऊ नव्हे, चांगलाच कडक सेन्सर! अशाच सेन्सरच्या टोकावर कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू बसवून झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेने 2009 मध्ये पेंटासीन रेणूची अंतर्गत रचना टिपली.

संशोधकांनी काय जपावे?

सुई बोथट झाली की कण आहेत त्यापेक्षा रुंद दिसतात आणि निष्कर्ष चुकतो. त्यामुळे जळगाव असो, धुळे वा झुरिक, आकार आधीच माहीत असलेल्या नमुन्यावर सुई तपासून मगच कण मोजावेत.