बारापेडेच्या गुहेतलं वटवाघूळ आणि ते मोजणारी तरुण पोरं

वाघाचा अभ्यास करायला कोणी आलं तर गावात कौतुक होतं. वटवाघळं मोजायला आलोय म्हटलं, की पहिला प्रश्न येतो, 'दुसरं काही काम नाही काय?' वन्यजीव संशोधनात नव्याने उतरलेल्या मुला-मुलींना हे सवयीचं झालंय. पण आपल्या खानापूर तालुक्यात असं एक वटवाघूळ आहे, ज्याच्यामुळे तळेवाडीजवळची बारापेडे गुहा जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे.

१९१३ मध्ये ऑल्डफिल्ड थॉमस या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने इथल्या नमुन्यांवरून ही नवी जात नोंदवली. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या सस्तन प्राणी सर्वेक्षणामागचे निवृत्त वनाधिकारी राऊटन यांचं नाव तिला दिलं. पुढची जवळपास नव्वद वर्षं हे वटवाघूळ जगात फक्त इथलंच समजलं जात होतं. २००१-०२ च्या सुमारास कंबोडिया आणि मेघालयातूनही नोंदी आल्या.

दिसायलाही ते वेगळंच. कान भलेमोठे आणि पुढे झुकलेले, शेपटीचा बराच भाग पडद्याबाहेर मोकळा. पंख लांब आणि अरुंद, त्यामुळे झाडांच्या वरून, वेगात उडत ते किडे पकडतं. अभ्यासकांची खरी अडचण इथेच आहे. जंगलात खाली लावलेल्या जाळ्यात ते सहसा येत नाही. ते भेटणार गुहेतच, आणि गुहेत वारंवार जाणं म्हणजे त्यालाच त्रास. टॉर्च, धूर, गोंगाट यांनी बिथरून वटवाघळं जागा सोडू शकतात. मादीला साधारणपणे वर्षाला एकच पिल्लू होतं, त्यामुळे घटलेली वसाहत लवकर भरून येत नाही.

म्हणून शहाणा अभ्यासक संध्याकाळी गुहेच्या तोंडापासून थोडा लांब बसतो. बाहेर पडणारी वटवाघळं इन्फ्रारेड कॅमेऱ्यावर टिपायची, त्यांचे आवाज डिटेक्टरवर घ्यायचे, आणि नंतर चित्रण हळूहळू चालवून एकेक मोजायचं. काम कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोला! शिवाय हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे हात लावायचा तरी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी हवी. गंमत बघा, याच कायद्यात फळं खाणारी वटवाघळं २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत उंदीर-कावळ्यांच्या रांगेत 'उपद्रवी' म्हणून बसलेली होती.

आता मुख्य प्रश्न. जागतिक लाल यादीत राऊटनचं वटवाघूळ आधी 'अतिसंकटग्रस्त' होतं. २००८ मध्ये ते 'माहिती अपुरी' या वर्गात गेलं. ऐकायला बरं वाटतं, पण याचा अर्थ धोका टळला असा नाही. किती आहेत, वाढतायत की घटतायत, हे सांगण्याइतके आकडे नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. आणि निधी देणारे आधी बघतात ते 'संकटग्रस्त' हा शिक्का. माहिती नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून माहिती नाही.

हे चक्र तोडायला लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीने २००७ मध्ये 'एज' कार्यक्रम सुरू केला. ज्यांचे जवळचे नातेवाईक जगात फारसे उरले नाहीत असे दुर्लक्षित आणि धोक्यातले प्राणी निवडायचे, आणि त्या-त्या देशातल्या नवोदितांना दोन वर्षांची फेलोशिप द्यायची. कल्पना चांगली. पण गुहेतली संख्या घटतेय की नाही हे कळायला दोन पावसाळे पुरत नाहीत, आठ-दहा वर्षं एकाच पद्धतीने मोजावं लागतं. फेलोशिप कुठलीही असो, ती संपली की पोरगं नोकरी शोधायला शहरात जातं, आणि वही तिथेच थांबते.

इतर ठिकाणी तर वेळ त्याहून कमी आहे. मेघालयात जैंतिया टेकड्यांतल्या चुनखडीच्या गुहांना खाणींचा धोका आहे. कोलारजवळ हनुमनहळ्ळीच्या एकाच गुहेत उरलेल्या दुसऱ्या एका दुर्मीळ वटवाघळाला ग्रॅनाइटच्या खाणकामाने घेरलं होतं. आपली गुहा निदान डिसेंबर २०११ पासून सुमारे १९० चौरस किलोमीटरच्या भीमगड अभयारण्यात आहे.

मात्र त्याच अभयारण्यातून तळेवाडीच्या कुटुंबांना बाहेर हलवण्याची प्रक्रिया सुरू झाली आहे. रस्ता नाही, दवाखाना लांब, त्यामुळे जाणाऱ्यांना दोष देता येत नाही. पण आडवाटेने गुहेपर्यंत नेणारी आणि कुठल्या महिन्यात तिकडे फिरकू नये हे सांगणारी माणसं याच वाडीतली. नव्याने येणाऱ्या अभ्यासकाने ती वाट कोणाला विचारायची, याचं उत्तर पुनर्वसनाच्या कागदात शोधून सापडायचं नाही.