लायसिनचा जिवाणू आणि दारव्ह्याचं सोयाबीन

कपाशी पिकवणाऱ्या दारव्ह्यासारख्या तालुक्यात जनुकबदल म्हटला की बीटी कपाशीच आठवते. 2002 साली तिला परवानगी मिळाली, पुढे गुलाबी बोंडअळी तिला पुरून उरली. त्यामुळे कोंबडीखाद्यातलं लायसिन हे अमिनो आम्ल जनुक बदललेल्या जिवाणूंकडून बनवून घेतात हे ऐकून कोणी बिचकलं, तर त्यात नवल नाही. पण बीटीत बदललेलं बीच शेतात पडतं. इथे जिवाणू बंद टाकीत साखरेवर वाढतो आणि त्याने द्रावात सोडलेलं लायसिन वेगळं काढतात. खाद्याच्या काही प्रकारांत त्याचे मेलेले अवशेष सोबत सुकवले जातात, हेही सांगायला हवं. लायसिनचा रेणू मात्र सोयाबीनमधल्या लायसिनचाच. हा जिवाणू प्रयोगशाळेत घडवलेला राक्षस आहे, ही समजूतही खरी नाही. कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम हा मातीतला जीव. जपानच्या क्योवा हाक्को कंपनीत किनोशिता आणि सहकाऱ्यांना तो 1956 च्या सुमारास सापडला, आणि जनुकं जोडण्याचं तंत्र येण्याच्या कितीतरी आधी त्याचे उत्परिवर्तित वाण लायसिन देऊ लागले होते. लायसिन आणि थ्रिओनिन साचले की पेशीतलं एक विकर थांबतं. ते थांबू नये एवढीच मुख्य युक्ती. 2002 मध्ये क्योवा हाक्कोच्याच संशोधकांनी सुमारे 33 लाख अक्षरांच्या जनुकसंचात जेमतेम तीन जागी बदल करून मूळ जिवाणूकडून भरपूर लायसिन मिळवलं. त्यात परक्या जीवाचं एकही जनुक नव्हतं.

जिवाणूंकडून अमिनो आम्लं बनवून घेण्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप 1989 चा. एका जपानी कंपनीने असंच जिवाणूंकडून बनवलेलं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल गोळ्यांतून घेतल्याने अमेरिकेत दीड हजारांहून अधिक लोक आजारी पडले, तीसहून अधिक दगावले. तिथे जिवाणूचा वाण बदलला होता आणि त्याच सुमारास शुद्धीकरणातला कोळसाही कमी केला होता, त्यामुळे दोष नेमका कशाचा हे वेगळं काढता आलं नाही. संशय बळावला तो मालात सापडलेल्या अशुद्ध द्रव्यांवर. म्हणून मला वाटतं, जनुक बदललं का यापेक्षा प्रत्येक घाणा तपासला का, हा प्रश्न अधिक धारदार आहे.

दारव्ह्यात सोयाबीन पिकवणाऱ्याची खरी काळजी वेगळी, आणि ती निराधार नाही. 100 किलो सोयाबीन ढेपेत जेवढं लायसिन असतं, जवळपास तेवढंच 97 किलो मका आणि 3 किलो लायसिन मिळून देतात. ढेप महागली की खाद्य कारखानदार हे गणित मांडतोच. मात्र मक्यात प्रथिन 8-9 टक्के, ढेपेत 44 च्या पुढे. मिथिओनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन यांची तूट लायसिनने भरत नाही. म्हणून ढेपेचं प्रमाण घटतं, ती हद्दपार होत नाही. ही मर्यादाही कायमची समजू नये. थ्रिओनिन आणि ट्रिप्टोफॅन आता जिवाणूंकडूनच बनतात. मिथिओनिन अजून बहुतांशी रासायनिक कारखान्यांत तयार होतं. ही अमिनो आम्लं जशी स्वस्त होतील तसं ढेपेवरचं दडपण वाढेल, मग जिवाणूच्या जनुकाला हात लागलेला असो वा नसो.