लांडग्याचा वाटा, धनगराचा तोटा

वन्यप्राण्यांचे रक्षण हे साऱ्या समाजाचे कर्तव्य मानले जाते. त्याचा खर्च मात्र मोजक्याच लोकांच्या पदरी पडतो. गीरचे उदाहरण सर्वपरिचित आहे. 2025 च्या गणनेत सौराष्ट्रात 891 सिंह आढळले आणि देशभर समाधान व्यक्त झाले. परंतु ज्यांच्या गुराढोरांवर या सिंहांनी पिढ्यान्‌पिढ्या गुजराण केली, त्या मालधारी पशुपालकांपैकी अनेक कुटुंबांना 1972 नंतर अभयारण्याबाहेर जावे लागले, याचे स्मरण कितीजणांना असते? महाराष्ट्रात सिंह नाहीत. तथापि हाच हिशेब पुणे, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांच्या माळरानांवर लांडगा आणि धनगर यांच्यामध्ये चालू आहे.

भारतात लांडग्यांची संख्या आज सुमारे तीन हजार मानली जाते. म्हणजे वाघांपेक्षा ती अधिक नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. पण कायद्याने पोट भरत नाही. काळवीट व चिंकारा विरळ झाले तेथे लांडग्याची भिस्त शेळ्यामेंढ्यांवरच राहते. धनगरांनी ही गोष्ट पूर्वापार सोसली आहे. राखणीला कुत्री, रात्री कळपाभोवती जाळीची वाघर आणि आळीपाळीने जागरण हा त्यांचा विमा होय. त्याचा हप्ता ते स्वतःच्या झोपेने भरतात.

शासन नुकसानभरपाई देते, हे खरे. घटनेची खबर 48 तासांत द्यावी आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागेवरून हलवू नये, असा नियम आहे. हा नियम घर, गोठा आणि सातबारा असलेल्या शेतकऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून केलेला दिसतो. लांडगा कोकरू तोंडात धरून पसार झाला, तर पंचनामा कशाचा करावयाचा? बिऱ्हाड घोड्यावर लादून आज या गावी, उद्या त्या गावी जाणाऱ्या मेंढपाळाने एका मेंढीसाठी साऱ्या कळपाचा मुक्काम किती दिवस लांबवावा? भरपाई मिळविण्याचा खर्च भरपाईहून जड झाला, की ती केवळ कागदावर उरते.

मेंढपाळाचा मार्गही आखडत चालला आहे. पावसाळ्यानंतर घाट उतरून कोकणात जावे, भात निघालेल्या शेतांत मेंढ्या बसवाव्यात, खताच्या बदल्यात धान्य वा पैसे घ्यावेत आणि पावसाच्या तोंडी परतावे, हा अनेक कळपांचा वार्षिक क्रम आहे. शेतकरी व मेंढपाळ दोघांनाही लाभदायक असा हा व्यवहार शेतजमिनीवर उभा आहे. ठाणे, पनवेल व उरण भागांतील भातखाचरे, मिठागरे व गावे यांच्या जमिनींवर 1970 नंतर सिडकोने नवी मुंबई वसविली. शहर हवे होते, याबद्दल वाद नाही. पण जेथे खाचर संपते तेथे मेंढ्या बसविण्याचा सौदाही संपतो. इकडे देशावर माळरानाची गणना ‘पडीक जमीन’ म्हणून होते. मग त्यावर कोठे झाडे लावली जातात, कोठे कारखाने येतात. गवत हीच त्या भूमीची संपत्ती आहे, हे सरकारी दप्तराला पटलेले नाही. चराई आकसली की मेंढी आणि लांडगा एकाच तुकड्यावर अधिक वेळा समोरासमोर येणार, हे उघड आहे.

अर्थशास्त्राचा साधा नियम असा, की लाभ सर्वांचा असेल तर मूल्यही सर्वांनी द्यावे. त्यासाठी नवे महामंडळ नको. भरपाईचा दावा मेंढपाळाला वाटेवरील कोणत्याही वनकचेरीत करता यावा. कळपाची आगाऊ नोंद आणि गावच्या सरपंचाची साक्ष पुरावा म्हणून पुरेशी मानावी. राखणीची कुत्री व वाघर यांसाठी साहाय्य द्यावे. कुत्र्यांना लस मोफत टोचावी, कारण त्यांचे रोग लांडग्यांनाही जडतात. आणि माळराने माळराने म्हणूनच राखावीत.

लांडगा मारणे सोपे आहे. एक विषारलेले मढे त्यास पुरते. तो हात आजवर बहुधा आवरला गेला, तो कायद्याच्या धाकापेक्षा धनगराच्या सोशिकपणामुळे. त्या सोशिकपणाला फुकटचा माल समजून चालणाऱ्या समाजाला पुढे लांडगाही उरणार नाही आणि मेंढपाळही.