चकली, सोंड आणि संगणक

कला शाखेच्या द्वितीय वर्षातील विद्यार्थिनीने संगणकावर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. वडील गणपतीच्या हंगामात अष्टमीहून पेण-हमरापूरकडे मूर्तिकामाला जातात. या लेखाचे अर्धे श्रेय त्यांचे आहे.

'ओपनस्कॅड' ही २०१० साली प्रथम प्रसिद्ध झालेली मोफत संगणकप्रणाली. तीत माऊसने चित्र काढायचे नसते. वस्तूचे वर्णन अक्षरांत व आकड्यांत लिहायचे, की पडद्यावर घन आकार उभा राहतो. सपाट आकृती सरळ ओढली की खांब होतो, सोऱ्यातून शेव पडावी तसा. तीच आसाभोवती फिरवली की मडके होते, कुंभाराच्या चाकावरच्यासारखे. या दोहोंसाठी आज्ञा तयारच आहेत.

पण चकलीचे काय? सोऱ्याच्या चकतीतली चांदणी हा तिचा छेद, आणि आईचा हात गोल फिरतो तो तिचा मार्ग. संगणकाला मार्ग सांगायचा म्हणजे ओळीने बिंदू मांडायचे. प्रत्येक बिंदूला आडवे, उभे व उंचीचे असे तीन आकडे.

मी गणपतीची सोंड करायला घेतली. मार्गावर २० बिंदू मांडले, प्रत्येकावर एक गोळा ठेवला. पहिल्याची त्रिज्या १०, मग उतरत उतरत शेवटच्याची ३. त्या सर्वांना मिळून 'हल' ही आज्ञा दिली. ही आज्ञा दिलेल्या आकारांभोवती ताणून कापड गुंडाळल्यासारखे आवरण चढवते. झाले काय, तर सोंडेऐवजी गाठोडे! ताणलेले कापड वळणाच्या पोटात शिरत नाही. तिथली पोकळी बुजून गेली.

त्याचे छापील चित्र घरी नेले. बाबा हसले. म्हणाले, "अगं, सोंड काय एकदम बांधतात? थोडी थोडी वळवत न्यायची."

दुसऱ्या दिवशी पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा अशा १९ जोड्या केल्या व प्रत्येक जोडीला वेगळे आवरण दिले. सोंड डौलदार वळली. जिथे वळण तीव्र, तिथे बिंदू जवळजवळ घेतले, तेव्हा कोपरेही गेले.

प्रवेश-अर्जात वडिलांच्या शिक्षणाच्या रकान्यात मी 'चौथी' असे लिहिले होते, तेही जरा संकोचाने. यंदाही तेच लिहीन. संकोच मात्र उरलेला नाही.